एका पट्टीचे बारा तुकडे

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या विभागीय प्रयोगशाळेचे संचालक माननीय तारकेश्वर पाठकसाहेब, प्रमुख पाहुण्या म्हणून वेळात वेळ काढून आलेल्या पोलीस उपमहानिरीक्षक माननीय सुशीला हेम्ब्रम मॅडम, ज्यांच्यासाठी आपण सारे इथं जमलो आहोत त्या शस्त्र विभागाच्या प्रमुख डॉक्टर शैलजा अंबष्ठ मॅडम, त्यांचे यजमान प्रोफेसरसाहेब, विष, रक्त, हस्ताक्षर अशा सगळ्या विभागांतले माझे सहकारी, आणि खुर्च्या कमी पडल्यामुळे दाराशी उभे असलेले आपले ड्रायव्हर आणि चौकीदार बंधू, सर्वांना रामउदगार शर्माचा सविनय नमस्कार.

सूत्रसंचालन करणाऱ्या पल्लवीताईंनी मला पाच मिनिटं दिली आहेत. मी बोलणारा माणूस नाही, आवाज करणारा माणूस आहे. तेहतीस वर्षं या प्रयोगशाळेत शस्त्रागाराचा कारागीर म्हणून मी बंदुका उडवल्या. त्यात माझा उजवा कान गेला. त्यामुळे ताई, वेळ संपल्याची घंटा वाजवायची असेल तर कृपा करून डाव्या बाजूनं वाजवा.

माझ्याआधीच्या वक्त्यांनी मॅडमच्या विद्वत्तेबद्दल फार चांगलं सांगितलं. त्यात मी काय भर घालणार? मी दहावी पास. मला त्यांच्या पदव्या म्हणून दाखवायला सांगितल्या तर मधेच कुठेतरी अडकेन. पण पंचवीस वर्षं त्यांनी मायक्रोस्कोपखाली जे पाहिलं, त्यातलं निम्मं आधी माझ्या हातून गेलेलं आहे. तेवढ्या अधिकारानं बोलतो.

आमच्या विभागाचं काम बाहेरच्या लोकांना फार झगमगीत वाटतं. प्रत्यक्षात काम काय असतं? एक दारोगा येतो. त्याच्या हातात कापडात शिवलेलं, लाखेची मोहर मारलेलं पुडकं असतं. आत एक गावठी कट्टा आणि एक रिकामी पुंगळी. प्रश्न एकच असतो. ही पुंगळी या कट्ट्यातून उडाली का? बस्स. कुणी मारलं, का मारलं, मारणारा चांगला की वाईट, यातलं आम्हाला काही विचारलेलं नसतं. नवीन दारोगा तरी ते सांगायला लागतो. "मॅडम, हा माणूस फार बदमाश आहे हो," असं सुरू झालं की मॅडम म्हणायच्या, "कट्टा बदमाश आहे का तेवढं विचारा. माणसाचं कोर्ट बघेल."

एकदा एका दारोगाबाबूंनी टीव्हीवर पाहून नळीत पेन घालून कट्टा उचलला, बोटांचे ठसे बिघडू नयेत म्हणून. नळी ट्रकच्या स्टिअरिंगच्या पाइपाची, आतून गंजलेली. पेन अडकला. तो अडकलेल्या पेनासकट कट्टा मोहरबंद होऊन आमच्याकडे आला. मॅडमनी मुद्देमालाच्या यादीत लिहिलं, "एक देशी पिस्तूल, नळीत एक पेन, निळ्या शाईचा, चालू स्थितीत." पेन चालू आहे की नाही हेही त्यांनी कागदावर रेघ मारून पाहिलं होतं. हसू नका, हे खरं आहे. न पाहता लिहायचं नाही, हा त्यांचा दंडक.

असा कट्टा हातात धरून उडवायचा नसतो. तो पुढच्यापेक्षा धरणाऱ्यालाच जास्त लागायची भीती. म्हणून मी तो शिकंज्यात आवळतो, घोड्याला दोरी बांधतो, वाळूच्या पोत्यांमागे बसतो आणि दोरी ओढतो. समोर कापसाची लांब पेटी असते. मग ती नवी पुंगळी आणि घटनास्थळावरची पुंगळी शेजारीशेजारी ठेवून मॅडम मायक्रोस्कोपखाली बघतात. कारखान्यातल्या बंदुकीच्या नळीत आटे असतात, ते गोळीवर ओरखडे सोडतात. कट्ट्याच्या पाइपाला कुठले आटे? त्याची गोळी वेडीवाकडी निघते, तिच्यावरून काही कळत नाही. म्हणून कट्ट्याच्या बाबतीत सगळी भिस्त पुंगळीच्या बुडावर. बार उडाला की पुंगळी मागच्या लोखंडी ठोकळ्यावर जोरात आपटते आणि त्या ठोकळ्यावरच्या कानशीच्या रेघा पितळेवर उमटतात. त्या रेघा आमची सही. निदान तसं आम्ही समजत होतो.

विश्वकर्मा पूजेला आपल्या विभागात दरवर्षी काय होतं ते तुम्ही पाहता. हत्यारं मांडतो, मिठाई येते, त्या दिवशी एकही बार उडत नाही. मॅडम कायस्थ, घरी चित्रगुप्ताची पूजा, दौत आणि लेखणीवाल्या. पण आमच्या पूजेला पहिल्या रांगेत. मायक्रोस्कोपला फूल वाहायचं, टिळा लावायचा, फक्त भिंगाला बोट लागता कामा नये, एवढीच अट. मागे एका वर्षी मी उत्साहानं भिंगावर अक्षता टाकल्या. दोन दिवस त्या माझ्याशी फक्त चिठ्ठीनं बोलल्या.

हे सगळं गमतीचं झालं. आता मी जे सांगणार आहे ते मॅडमना आवडणार नाही. त्या आत्ताच माझ्याकडे बघून मान हलवतायत. मॅडम, पंचवीस वर्षं तुमचं ऐकलं. आज ऐकणार नाही.

पंधरा वर्षांपूर्वी आपल्याकडे एक प्रकरण आलं. गंगेच्या घाटावर, घाटाचा ठेका घेतलेल्या ठेकेदाराच्या एका माणसाला भरदुपारी गोळी लागली आणि तो जागीच गेला. मारणारा गमछ्यानं तोंड बांधून आलेला. जागेवर एक पुंगळी सापडली. तिसऱ्या दिवशी अकलू सहनी नावाच्या नावाड्याच्या नावेत, फळीखाली एक कट्टा सापडला. अकलूचं ठेकेदाराशी घाटावरून भांडण होतं, हे सगळ्या घाटाला ठाऊक. कट्टा त्याचाच, हे त्यानंही नाकारलं नाही. नदीवर लुटारू फिरतात, बाळगला, म्हणाला. खून मात्र मी केला नाही, म्हणाला. असं सगळेच म्हणतात, त्यामुळे तिकडे कुणी लक्ष दिलं नाही.

मी बार उडवला. मॅडमनी पुंगळ्या लावल्या. दिवसभर बघत होत्या. पुंगळीच्या बुडाला टोचून बार उडवणाऱ्या पिनीची खूण फिस्कटलेली, तिचा उपयोग नव्हता. बारीक रेघा काही ठिकाणी जुळत नव्हत्या, पण कट्टा जुना, गंजलेला. जाड रेघा मात्र ओळीनं जुळत होत्या. त्यांची सवय अशी की अहवालावर सही करण्याआधी मला बोलवायच्या. "शर्माजी, तुमचे डोळे लावा जरा."

मी डोळे लावले. तीन जाड रेघा, मग एक कोरी जागा, मग पुन्हा दोन जाड रेघा. आणि सगळ्या डावीकडे खोल, उजवीकडे जाताना फिकट.

मी डोळे बाजूला केले आणि पुन्हा लावले. कारण त्या रेघा मी ओळखत होतो. त्या माझ्याच होत्या.

आता हे नीट सांगायला हवं. मी मुंगेरचा, बंदुका बनवणाऱ्या घरातला. वडील लायसनवाल्या कारखान्यात दुनळी बनवायचे, चांगलं नाव होतं. पुढे कारखान्यातलं काम आटलं. माझे थोरले बंधू सियाराम भैया यांनी घराच्या मागच्या खोलीत दुसरं काम सुरू केलं. कसलं, ते इथं बसलेल्या पोलीस अधिकाऱ्यांना सांगायला नको. आणि प्रयोगशाळेत लागण्याआधी, एकोणीस ते सव्वीस अशी सात वर्षं, मी त्या खोलीत भैयाच्या हाताखाली काम केलं. नोकरीच्या अर्जात मी लिहिलं, "कौटुंबिक व्यवसायाचा अनुभव." खोटं नव्हतं ते. पुरतं खरंही नव्हतं.

त्या खोलीत माझं काम कानस मारायचं. मी डावखुरा, डाव्या हाताचा जोर जास्त पडतो. भैयाची एक जुनी कानस होती, तिचे मधले दात पडलेले. भैया म्हणायचा, "फेक ती." मला ती हाताला बसली होती, मी फेकत नव्हतो. कट्ट्याचा मागचा ठोकळा आमच्याकडे कसा बनायचा? एकेक ठोकळा कानसत कोण बसणार? पोलादाची एक लांब पट्टी शिकंज्यात धरायची, कानस आडवी धरून तिच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ ओढत न्यायची, पट्टी एकसारखी गुळगुळीत झाली की मग करवतीनं तिचे बारा तुकडे करायचे. बारा तुकडे, बारा कट्टे. आधी कानसणं, मग कापणं. मुंगेरच्या आमच्या गल्लीत शेंबडं पोरही हे सांगेल.

म्हणजे काय झालं? एका पट्टीच्या बाराही तुकड्यांवर त्याच रेघा. एका साडीचे बारा रुमाल केले तर किनार सगळ्यांवर तीच येणार. घटनास्थळावरची पुंगळी अकलूच्या कट्ट्यातून उडालेली असेल, किंवा त्याच्या अकरा भावांपैकी कुठल्याही कट्ट्यातून. मॅडमना हे ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. कुठल्याच पुस्तकात आमच्या मागच्या खोलीचा धडा नाही. त्यांना वाटलं, हातानं घासलेली वस्तू, प्रत्येकीवर वेगळ्याच रेघा येणार. शिकलेलं कुठलंही माणूस हेच म्हणेल.

"काय शर्माजी, जुळतात ना?" मॅडमनी विचारलं.

मी म्हणालो, "जुळतात."

रेघा जुळतच होत्या. तेवढंच मी बोललो आणि मूग गिळून बसलो. त्यांनी सही केली.

मी का बोललो नाही, असं तुम्ही विचाराल. घाबरलो. तुम्हाला कसं ठाऊक, असं कुणी विचारलं असतं तर काय सांगणार होतो? नोकरी गेली असती. भैयाच्या दारात पोलीस गेले असते, त्याच्या मुलीचं लग्न अगहन महिन्यात ठरलेलं. मी भैयाकडे गेलो, त्याला सांगितलं. त्यानं हातातलं काम थांबवलंसुद्धा नाही.

"तुझा अकलू तुझा सोयरा आहे का?" तो म्हणाला.

"नाही."

"त्यानंच मारलं नाही, हे तुला ठाऊक आहे का?"

"नाही."

"मग गप घरी जा. भौजीनं लिट्ट्या केल्यात, खाऊन जा."

मी लिट्टी खाल्ली आणि घरी गेलो. असे अकरा महिने गेले. त्या अकरा महिन्यांत अकलूची आई वारली. त्याला हातकडी घालून घाटावर आणलं, अग्नी देण्यापुरता एक हात मोकळा केला आणि दोन तासांत परत नेलं. हे मला तेव्हा कळलं होतं. आपल्याच ड्रायव्हर बंधूंपैकी एकजण त्या गाडीवर होता, त्यानं इथंच, चहा पिताना सांगितलं. मी तेव्हाही काही बोललो नाही.

पल्लवीताई, तुमची चिठ्ठी मिळाली. बसा तुम्ही. पाच मिनिटं केव्हाच झाली, मला ठाऊक आहे.

मग साक्षीची तारीख आली. मुद्देमाल घेऊन मी मॅडमबरोबर जिल्हा न्यायालयात गेलो. आमचा पुकारा व्हायला वेळ होता. बाहेर एका बाकावर बसून मॅडम चहा पीत होत्या. समोरून अकलूला आणलं. उन्हानं रापलेला, बारीक माणूस, पायात रबरी चपला, दोन वेगळ्या जोडांतल्या. त्यानं मॅडमना ओळखलं नाही, कोण त्या, त्याला काय ठाऊक? बाकावर मोकळी जागा बघून त्यानं शिपायाला विचारलं, "बसू का जरा?" शिपाई म्हणाला, "मॅडम बसल्यात, दिसत नाही?" मॅडम उठून सरकल्या आणि म्हणाल्या, "बसू द्या त्यांना." तो अगदी कडेला, अंग चोरून बसला.

त्याला आत नेल्यावर मी म्हणालो, "मॅडम, ते ठोकळे सुटे कानसत नाहीत. पट्टी आधी कानसतात, मग कापतात."

त्यांनी कप खाली ठेवला. "किती तुकडे?"

"बारा."

"जाड रेघा सगळ्यांवर त्याच?"

"त्याच."

"हे तुम्हाला कसं ठाऊक?"

"ती पट्टी मी कानसली होती."

त्यांनी माझ्या डाव्या हाताकडे बघितलं. मग विचारलं, "कधी ओळखलंत?"

मी खोटं बोलू शकलो असतो. "पहिल्या दिवशी," म्हणालो.

चहा अर्धा राहिला तो राहिलाच. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी फाइल उघडली, आपल्याच अहवालाचं शेवटचं पान काढलं, चष्मा पुसला आणि वाचत बसल्या. पुकारा झाला तेव्हा म्हणाल्या, "तुम्ही बाहेरच थांबा, शर्माजी. तुम्हाला कुणी काही विचारणार नाही. अहवालावर सही माझी आहे."

आत जाऊन त्यांनी न्यायाधीशांना सांगितलं की मी माझ्या मतावर आज ठाम राहू शकत नाही, मला एक चाचणी करायची आहे, मुदत द्यावी. सरकारी वकिलांचा चेहरा पडला. न्यायाधीश म्हणाले, "अकरा महिन्यांनी आज सुचलं?" मॅडम म्हणाल्या, "आधी सुचायला हवं होतं. ती माझी उणीव आहे." हे वाक्य तेव्हा कोर्टात ऐकलेले दोघंजण आज तिसऱ्या रांगेत बसले आहेत, ते साक्ष देतील.

मग तीन आठवडे आम्ही इथं मागच्या आवारात पट्टी कानसली. मी कानसायचो, त्या बाजूला उभं राहून लिहून घ्यायच्या. एक पट्टी त्यांनी स्वतः कानसली. हाताला फोड आले आणि पट्टी अशी वाकडी झाली की आमच्या गल्लीत त्यांना कुणी उमेदवारीलाही ठेवलं नसतं. तसं मी म्हणालोही. कोर्टातल्या त्या दिवसानंतर त्या पहिल्यांदा हसल्या, त्या तेव्हा. बारा तुकडे, बारा पुंगळ्या, छायाचित्रं. पाचवा आणि सहावा तर शेजारी ठेवले की त्यांनाही वेगळे सांगता येईनात. ती छायाचित्रं त्यांनी कोर्टात मांडली. खुनाच्या आरोपातून अकलू सुटला. विनापरवाना कट्टा बाळगला म्हणून त्याला शिक्षा झाली, ती त्यानं भोगली.

आता मला सरळ सांगायचं आहे. अकलूनं मारलं नाही, असं मी म्हणत नाही. मी तिथं नव्हतो. मॅडमही कधी तसं म्हणाल्या नाहीत. खुनी आजतागायत सापडलेला नाही. ज्याचा माणूस गेला त्या घरात आजही आमच्या प्रयोगशाळेचं नाव नीट घेत नाहीत, आणि त्यांचं दुःख मला कळतं. पण पुंगळीनं जे सांगितलं नव्हतं ते पुंगळीच्या तोंडी घालून एक माणूस फासापर्यंत जाऊ शकला असता. आपल्या सगळ्या अहवालांत शेवटी एक ओळ असते ना, एकाच कारागिराच्या हातच्या इतर शस्त्रांची शक्यता तपासली आहे म्हणून? नवीन मुलं तिला पट्टीवाली ओळ म्हणतात आणि डोळे मिटून टाइप करतात. ती ओळ तेव्हापासून आहे. पुढच्या वेळी टाइप करताना डोळे उघडे ठेवा, एवढी विनंती.

ही झाली एक बाजू. दुसरी बाजू तुम्हाला ठाऊक आहे, पण या सभागृहात कुणी तोंडावर बोलत नाही. मॅडमनी साक्ष फिरवली. अकलूच्या जातीच्या कुणा पुढाऱ्यानं त्यांना फिरवलं. अकरा महिने झोपलेल्या बाईंना साक्षीच्याच दिवशी बरी जाग आली. हे कँटीनमध्ये बोललं गेलं, पोलीस लाइनीत बोललं गेलं, एका वर्तमानपत्रात आलं. चौकशी बसली. पुरावा काही सापडला नाही, सापडणार कुठून? पण गोपनीय नोंदीत "सचोटी संशयास्पद" असे दोन शब्द राहिले. उपसंचालकपद आलं आणि त्यांच्या डोक्यावरून गेलं. दोनदा. चौकशीत त्यांना एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारला, तुम्हाला हे कुणी सांगितलं? त्यांनी उत्तर दिलं नाही. त्यांनी फक्त एक नाव घेतलं असतं तर त्याच दिवशी सगळं संपलं असतं. तो माणूस त्या वेळी चौकशीच्या खोलीबाहेर पाण्याचे ग्लास भरून ठेवत होता.

मी नंतर एकदा म्हणालो होतो, "मॅडम, मी जाऊन सांगतो." त्या म्हणाल्या, "तुमचे पाय लटपटतायत, शर्माजी. आणि उघडून बघायचं काम माझं होतं, मी नीट बघितलं नाही." मला तेवढंच हवं होतं. मी लगेच मान डोलावली. इतक्या लगेच की त्याची आजही लाज वाटते.

गेली चौदा वर्षं मी रोज सकाळी त्यांना नमस्कार करतोय. त्यांनी एकदाही तो विषय काढला नाही. कामात चूक झाली तर चिठ्ठी येते, मुलाच्या लग्नाला घरी आल्या, भैया वारला तेव्हा भेटायला मुंगेरपर्यंत आल्या. भौजीच्या हातचा सत्तू प्यायल्या, त्या मागच्या खोलीच्या बंद दाराकडे बघितलं आणि निघाल्या.

मॅडमच्या निवृत्तीचा कागद निघाला तेव्हा मी अकलूकडे गेलो. तो अजून नाव चालवतो, पलीकडच्या दियारात, नदीतल्या गाळाच्या बेटावर, माणसं नेतो. मी त्याला सगळं सांगितलं. तो नावेचा दोर गुंडाळत होता, गुंडाळत राहिला.

"आईला एका हातानं अग्नी दिला मी," तो म्हणाला.

"ठाऊक आहे."

"हे त्या बाईंना ठाऊक आहे? तू पहिल्या दिवसापासून ओळखत होतास ते?"

"आहे."

"आणि बाकीच्यांना?"

"नाही."

"मग मला कशाला सांगायला आलास? मी सुटलो. त्या बाई अजून अडकल्यात. जा, जिथं त्यांची निंदा झाली तिथं सांग."

 पलीकडे जायचं आहे का, असं त्यानं विचारलं, मी नाही म्हणालो, आणि तो माणसं घेऊन निघून गेला.

आज सकाळी साडेदहा वाजता मी संचालकसाहेबांच्या टेबलावर दोन पानं ठेवली. ही पट्टी कुणी कानसली, कुणाच्या घरात, कुणी ओळखली, केव्हा ओळखली, आणि कुणी किती महिने लपवली, हे सगळं त्यात आहे. खाली माझी सही आहे. साहेबांनी ती वाचली आणि म्हणाले, "समारंभ झाल्यावर बोलू." त्यांच्या जागी मीही तेच म्हणालो असतो. माझ्या निवृत्तीला एक वर्ष राहिलं आहे. ते राहील की नाही, पेन्शनचं काय होईल, भौजीच्या दारात कुणी जाईल का, हे मला ठाऊक नाही. हेम्ब्रम मॅडम, तुम्ही इथं आहात, मी पळून जाणारा नाही. पण ते दोन शब्द मॅडमच्या नोंदीतून आज कार्यालय बंद व्हायच्या आत निघावेत, एवढी एकच मागणी त्या पानांत आहे. उद्या त्या या कार्यालयाच्या नसतील. मग कोण कशाला ती फाइल उघडेल?

अध्यक्षांनी आणि पाहुण्यांनी मला मधेच थांबवलं नाही, त्याबद्दल आभार. सगळे शांतपणे ऐकत राहिलात, तुमचेही आभार. प्रोफेसरसाहेब, तुमच्या घरी ही गोष्ट चौदा वर्षं जेवायला बसली असणार. तुम्ही मला कधी दारातून परत पाठवलं नाहीत, त्याबद्दल हात जोडतो.

बोलण्याच्या ओघात काही कमीजास्त झालं असेल तर क्षमा करावी, असं म्हणून वक्ते खाली बसतात. ते मी या सभागृहाला म्हणतो. पण मॅडम, तुमच्या बाबतीत माझ्याकडून नकळत काही झालेलं नाही. मला सगळं ठाऊक होतं, मी घाबरलो आणि तुमच्या आड लपलो. त्याची क्षमा मी आजवर मागितली नाही, कारण ती मागायची तर सगळ्यांसमोर मागावी लागली असती. आज सगळ्यांसमोर मागतो. मला क्षमा करा. करता आली नाही, तरीही ती दोन पानं मी परत घेणार नाही.

नमस्कार.